रुंद टायरसाठी फेंडरची आतली कड घरच्या घरी कशी दुमडावी

गाडीचे चाक काढून चाकावरच्या कमानीच्या आत हात घातला, तर बाहेरच्या पत्र्याची, म्हणजे फेंडरची, कड आत वळलेली लागते. ती साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला बहुतांशी समांतर असते, आणि टायरच्या खांद्याच्या, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणि भिंत जिथे मिळतात त्या जागेच्या, नेमक्या वर येते. कारखान्यात ती विचारपूर्वक ठेवलेली असते, कारण पत्रा कमानीपाशी नुसता कापून सोडला तर तो लवलवता राहतो. कड आत वळवल्याने कमानीला ताठपणा येतो, आणि मागच्या चाकांपाशी तर बाहेरचा व आतला असे दोन पत्रे याच कडेवर एकमेकांना जोडलेले असतात. मूळ मापाच्या टायरला या कडेचा काही त्रास होत नाही. टायर रुंद झाला किंवा रिम बाहेर आली, की मग खड्ड्यात चाक वर उचलले जाताना हीच कड टायरच्या खांद्यात सुरीसारखी रुतते. ती हळूहळू वर वळवून फेंडरच्या आतल्या अंगाला टेकवणे, याला फेंडर रोलिंग म्हणतात.

या कामातून किती जागा मिळते याची कल्पना आधीच असावी. कड जेवढी रुंद, त्यातून पत्र्याची जाडी वजा करून जेवढे उरेल तेवढीच जागा मिळते, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत आठ ते बारा मिलिमीटर. कमान बाहेरून होती तशीच दिसते. पत्रा बाहेर ओढून कमान फुगवणे हे वेगळे काम आहे. त्यात रंग जवळजवळ हमखास जातो, आणि ते डेंटरकडेच करून घ्यावे. या लेखात फक्त कड दुमडण्याचा विचार केला आहे.

नेमके काय घासते आहे

हत्यार विकत घेण्यापूर्वी टायर खरोखर या कडेलाच लागतो आहे याची खात्री करून घ्यावी. आवाज कमानीतून येतो एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर घासत असेल, तर टायर बहुधा पुढच्या प्लास्टिकच्या लायनरला, म्हणजे कमानीच्या आतल्या आवरणाला, किंवा आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या भागाला लागत असतो, आणि तिथे कड दुमडून काहीही साधत नाही. गाडीत चार माणसे बसल्यावर आणि गतिरोधकावरून उतरताना घासत असेल, तर मात्र कडेचा संशय घेणे योग्य.

कडेच्या खालच्या अंगाला सगळीकडे मास्किंग टेप चिकटवावी आणि त्यावर मुलांच्या खेळातल्या क्लेच्या सुपारीएवढ्या गोळ्या सुमारे दहा-दहा सेंटिमीटरवर लावाव्यात. क्ले नसेल तर घट्ट मळलेली कणीकही चालते. मग मागच्या आसनावर दोन-तीन माणसे बसवून, नेहमीच्या रस्त्यावरून अगदी सावकाश एक-दोन गतिरोधक ओलांडून परत यावे. जिथे गोळी चपटी झाली तिथे उरलेल्या जाडीवरून टायर आणि कड यांच्यातले अंतर कळते, आणि जिथे टेपच फाटली तिथे टायर लागतो हे स्पष्ट होते. माझ्या स्विफ्टच्या मागच्या कमानीत टेप फक्त वरच्या मधल्या वीस-एक सेंटिमीटर भागात फाटली होती आणि पुढच्या कमानी अगदी कोऱ्या होत्या, त्यामुळे मी पुढच्या कमानींना हातसुद्धा लावला नाही. जी कड टायरला लागत नाही ती दुमडू नये. तेवढा ताठपणा गाडीला राहू द्यावा.

घासण्याचे कारण बहुधा टायरपेक्षा रिममध्ये असते, आणि नवख्या माणसाची फसगत इथेच होते. मी घेतलेल्या अलॉय रिम दुकानात गाडीला ‘फिट’ म्हणून दाखवल्या गेल्या. त्यांचा ऑफसेट किती हे ना दुकानदाराने सांगितले ना मी विचारले. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला (चाक ज्यावर नटांनी बसते त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर. ते जितके कमी, तितके चाक बाहेर येते. समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची आहे. सहा इंचांचे निम्मे म्हणजे ७६.२ मिलिमीटर, त्यातून ४५ वजा केले की रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ३१.२ मिलिमीटर बाहेर आहे हे कळते. नवी रिम ६.५ इंच आणि ३८ ऑफसेटची असेल, तर ८२.५ मधून ३८ वजा करून सुमारे ४४.५ उरतात. म्हणजे चाक सव्वातेरा ते साडेतेरा मिलिमीटर बाहेर आले, आणि आतल्या बाजूला मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. कड दुमडून दहा मिलिमीटर मिळणार असतील, तर ते पुरतील की नाही याचा हिशेब कागदावर आधी मांडता येतो. टायरच्या भिंतीची फुगवट या हिशेबात धरलेली नाही, त्यामुळे चार-पाच मिलिमीटर हातचे राखावेत.

टायरचे माप निवडतानाही असाच हिशेब करावा. १८५/६५ आर १५ या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्या आसपास, जो स्पीडोमीटरला आणि एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) सहज चालतो. व्यास वाढवणारा रुंद टायर टाळावा, कारण तो बाजूला तर लागतोच, वरूनही लागतो. टायरच्या भिंतीवर मापापुढे जो अंक असतो तो भारक्षमतेचा असतो: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५ किलो. कमी उंचीच्या भिंतीचा, दिसायला भारदस्त टायर घेताना हा अंक मूळ टायरपेक्षा खाली जात नाही ना हे पाहावे. २०५/५० आर १६ हे लोकप्रिय माप अनेकदा ८७ मध्येच मिळते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझा आग्रह असा आहे की टायर त्याच मॉडेलच्या कोणत्या ना कोणत्या प्रकारासाठी उत्पादकाने दिलेल्या मापाचा असावा. त्याबाहेर जायचे असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना आधी लेखी विचारावे. टायर कमानीच्या बाहेर डोकावता कामा नये. तो बाहेर आला की पावसाळ्यात मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडतो, आणि एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

साहित्य

मुख्य हत्यार फेंडर रोलर. चाकाच्या जागी हबवर नटांनी बसणारी पट्टी, तिच्यावर हबभोवती फिरणारा लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला स्क्रूने कोन बदलता येणारा नायलॉनचा किंवा तत्सम कडक प्लास्टिकचा रोलर, एवढीच त्याची रचना असते. ऑनलाइन मिळतो, आणि गाड्यांचा शौक असलेल्या मित्रमंडळींत एकाने घेतला तर दहा जणांना पुरतो. तो घेताना आपल्या गाडीला चार नट आहेत की पाच, आणि त्यांच्यातले अंतर पट्टीवरच्या भोकांशी जुळते का, हे पाहावे.

टायर आणि कड यांच्यामध्ये गोल लाकडी दांडका सरकवून गाडी पुढे-मागे ढकलण्याची एक पद्धत आहे. ती स्वस्त आहे, पण दाब किती पडतो यावर हाताचा ताबा राहत नाही, आणि दांडका निसटला तर पत्रा आणि माणूस या दोघांनाही धोका आहे. ती करू नये.

याशिवाय हीट गन, तापमान दुरून मोजणारा औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर, दोन जॅक, दोन जॅक स्टँड म्हणजे गॅरेजातल्या भाषेत घोड्या, लाकडी ठोकळे, टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या क्लिप काढण्याचा चिमटा, ताठ ब्रश, लोहचुंबक, सीम सीलंट म्हणजे पत्र्यांच्या फटी बुजवण्याचा लेप, प्रायमर आणि गाडीच्या रंगाची छोटी बाटली लागते. कोविडच्या काळात घरोघरी आलेले कपाळाचा ताप पाहण्याचे यंत्र बहुधा शरीराच्या तापमानापुरतेच मोजते, म्हणून ते इथे उपयोगाचे नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा.

तयारी

काम सपाट, पक्क्या जागेवर करावे. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये किंवा मुरुमावर जॅक लावू नये. जे चाक काढायचे नाही त्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, गाडी उचलून घोडी गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच द्यावी, आणि ती बसल्यावर गाडीला हाताने हलवून पाहावे. केवळ जॅकवर उभ्या गाडीच्या कमानीत डोके घालू नये. हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये.

चाक काढल्यावर कडेवरचा चिखल आणि वाळू ताठ ब्रशने आणि पाण्याने पूर्ण काढावी आणि जागा कोरडी होऊ द्यावी. कोकणात किंवा समुद्राजवळ फिरलेल्या गाडीच्या कडेच्या मागे खारट मातीचा थर हमखास सापडतो. तो तसाच राहून कड त्यावर दुमडली, तर ती ओल पत्र्याच्या घडीत कायमची बंद होते. लायनर कडेला स्क्रूने किंवा क्लिपने धरलेला असतो, तो सोडवून आत ढकलावा. बंपरचे टोक जिथे कमानीला येऊन मिळते तिथे आत वळलेला एक प्लास्टिकचा कान आणि स्क्रू असतो. तो स्क्रू काढून बंपरचे टोक जरा बाजूला सारावे, कारण हीट गनच्या उष्णतेने बंपरचे प्लास्टिक पत्र्याच्या रंगापेक्षा कितीतरी आधी बिघडते.

कमानीच्या बाहेरच्या अंगावर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे ते धरत नाही किंवा सैल धरते तिथे पूर्वीच्या अपघातानंतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. लांबी वाकत नाही, ती तडकते. अशी कमान घरी दुमडू नये. काही गाड्यांत मागच्या दाराच्या पत्र्याची कड कमानीचाच भाग झालेली असते, तिलाही रोलर लावू नये. पेट्रोल भरण्याची नळी एका बाजूच्या मागच्या कमानीतूनच खाली जाते. ती कुठे आहे हे लायनर सोडवल्यावर बघून ठेवावे, हीट गनचे तोंड कधीही तिच्याकडे करू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर काम थांबवावे. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर दांड्याच्या वाटेतून बाजूला बांधून ठेवावी.

दुमडण्याचे काम

रोलर हबवर बसवल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते: गाडी उचललेली असल्याने चाक खाली लोंबते आहे, आणि कमान मात्र चाक नेहमीच्या उंचीवर असताना त्याच्याशी समकेंद्री असते. त्यामुळे दांडा फिरवला तर रोलर कमानीच्या मध्यावर कडेपासून दूर आणि टोकांना जवळ येतो. दुसरा जॅक सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली लावून हब हळूच वर आणावा. गाडीचा भार घोडीवरून उठू लागण्याच्या आत थांबावे. एवढे केल्यावर रोलर कमानीबरोबर सारखा चालतो आणि निम्मे कष्ट वाचतात.

आता पत्र्याचे काय होते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी सावधगिरी त्यावरच अवलंबून आहे. कड आडवी असताना तिचा प्रत्येक बिंदू चाकाच्या मध्यापासून समजा ३४ सेंटिमीटरवर आहे. एक सेंटिमीटरची कड वर दुमडली की तिची धार ३५ सेंटिमीटरवर जाते, म्हणजेच त्या धारेची लांबी सुमारे तीन टक्क्यांनी वाढावी लागते. गाडीचे पोलाद तीन टक्के ताण सहज सोसते. थंड, कडक रंग सोसत नाही. शिवाय पत्र्याचा एकच तुकडा एकदम वाकवला, तर ताण शेजारच्या भागात न पसरता तिथेच साठतो आणि कमानीच्या बाहेरच्या अंगावर लाटा उठतात. म्हणून रंग गरम ठेवणे आणि संपूर्ण लांबीवर सारखे, थोडे-थोडे वाकवणे, या दोन गोष्टींवर सगळे काम उभे आहे.

हीट गन दहा ते पंधरा सेंटिमीटर दूर धरून, एका जागी न थांबवता, कमानीच्या आतून आणि बाहेरून फिरवावी. रंगाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस झाले की रोलर चालवावा. त्याच्या बरेच वर गेले तर रंगाला फोड येऊ शकतात. पहिल्या फेरीत रोलरचा कोन कडेच्या सध्याच्या कोनापेक्षा किंचितच तिरपा असावा, इतका की रोलर कडेला नुसता टेकून चालतो आहे असे वाटावे. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यावा आणि परत आणावा. तीन-चार वेळा असे झाल्यावर हाताला लागणारा विरोध कमी होतो. मग तापमान पुन्हा पाहावे, गरज असेल तर गरम करावे, आणि कोनाचा किंवा दाबाचा स्क्रू पाव फेरा फिरवावा. हेच पुन्हा पुन्हा करावे. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर कमानीसमोर खाली बसून, उजेड तिरपा पडेल अशा बाजूने, पत्र्यावरचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंब लहरी दिसू लागले की दाब जास्त झाला आहे. स्क्रू अर्धा फेरा मागे घेऊन त्या भागावरून हलक्या हाताने अनेक फेऱ्या माराव्यात.

कड ४५ अंशांपर्यंत सहज येते. त्यानंतरचे काम हळू होते, कारण पोलाद वाकवल्यावर थोडे मागे उसळते, आणि रोलरने जितके वाकवले तितके ते राहत नाही. इथेच माणसाचा धीर सुटतो आणि स्क्रू एकदम पूर्ण फेरा फिरवला जातो. पहिल्या वेळी माझ्या हातून हेच झाले. डिसेंबरची सकाळ होती, पत्रा गार होता, हीट गन पुरेशी फिरवली नव्हती, आणि कडेवरचा रंग नखाएवढ्या लांबीच्या भेगांनी फाटला. तेव्हापासून मी हे काम उन्हाळ्यात, दुपारी, गाडी तासभर उन्हात ठेवून मगच करतो. एका कमानीला तास-सव्वा तास लागणे स्वाभाविक आहे.

कड अगदी सपाट, पूर्ण टेकलेली हवीच असे नाही. क्लेने मोजलेले अंतर आणि कागदावरचा हिशेब सांगतो तेवढी जागा मिळाली की थांबावे.

मागची कमान

पुढचा फेंडर एकाच पत्र्याचा आणि बोल्टने बसवलेला असतो. तो बिघडलाच तर बदलता येतो. मागचा पत्रा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो, आणि त्याच्या कडेवर दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून फटीत सीलंट भरलेले असते. हे दोन पत्रे दुमडायला जास्त जोर लागतो, आणि दुमडताना जुना, वाळलेला सीलंट तडकतो. स्पॉट वेल्ड उघडतो आहे असे एखाद्या जागी दिसले, पत्रे एकमेकांपासून सुटू लागले, तर तिथेच थांबून डेंटरला दाखवावे. काही जण दुमडायला सोपे जावे म्हणून कडेला ग्राइंडरने खाचा पाडतात. दुहेरी पत्र्यावर मी ते कधीच करणार नाही, कारण प्रत्येक खाच म्हणजे पाण्याला थेट सांगाड्यात जाण्याची वाट आहे.

मागच्या कमानीचे काम पूर्ण झाले असे सीलंट भरल्यानंतरच म्हणावे. पत्रा थंड झाल्यावर घडीची संपूर्ण लांबी टॉर्च लावून पाहावी, सुटलेला रंग आणि तडकलेला सीलंट काढावा, उघडा पत्रा दिसत असेल तिथे बारीक पॉलिश पेपर मारून प्रायमर लावावा, तो वाळल्यावर घडीत ब्रशने नवा सीम सीलंट भरावा, आणि शेवटी वरून रंग द्यावा. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून हे टाळण्याचा मोह होतो. मी एकदा टाळले, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर घडीतून गंजाचे तपकिरी ओघळ बाहेर आले. तो पत्रा पुढे कापून नवा जोडावा लागला.

जोडणी आणि चाचणी

लायनर परत बसवताना त्याची कड पूर्वी ज्या पत्र्यावर टेकत होती तो आता तिथे नाही, हे लक्षात ठेवावे. सुटा लायनर टायरवर पडला तर जागा मिळवून काही उपयोग नाही. गरजेप्रमाणे तो थोडा कापून, क्लिपची जागा आत सरकवून पक्का करावा. बंपरचा स्क्रूही टायरच्या वाटेत उलटा डोकावत नाही ना हे पाहावे. चाकाचे नट आडवे-तिरपे क्रमाने आवळून, गाडी जमिनीवर आल्यावर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने पक्के करावेत. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. अलॉय रिम असतील तर पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

मग टेप आणि क्लेची तीच चाचणी, तेवढ्याच माणसांसह आणि त्याच गतिरोधकांवरून पुन्हा करावी. अंतर निदान चार-पाच मिलिमीटर उरले पाहिजे, कारण भरलेल्या डिकीसह घाटात उतरताना सस्पेन्शन या चाचणीपेक्षा जास्त दबते. तरीही टायर लागत असेल तर आणखी दुमडत बसण्यापेक्षा जास्त ऑफसेटची रिम किंवा दहा मिलिमीटर अरुंद टायर घ्यावा. सगळे ठीक असेल तर पहिल्या महिन्यात दोनदा टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोट फिरवून ओरखडा किंवा कापल्याची रेघ लागते का ते पाहावे, आणि पावसाळा संपल्यावर मागची चाके काढून घडीतला सीलंट पुन्हा एकदा टॉर्चच्या उजेडात तपासावा.